पत्र्याच्या पेटीतले मासे

उजनीची चिलापी आम्हा सोलापूरकरांच्या ओळखीची आहे, पण ती बहुतेक ताटातली. ही मासळी मूळची आफ्रिकेतली, तिचे कूळ सिक्लिड आणि गोव्याच्या खाड्यांतले कालुंदर तिचे दूरचे भाऊबंद, हे मला साठी उलटल्यावर कळले. याच कुळाची एक देखणी, नाजूक शाखा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात नांदते. काचेच्या टाकीत पंख पसरून फिरणारा एंजल त्यातलाच, आणि थाळीसारखा गोल, चपटा डिस्कसही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मला टाकीचा नाद लागला आणि मी मुंबईहून चार डिस्कस आणले. पैदाशीचे नव्हेत, रिओ नेग्रो नदीतून पकडलेले. अकरा दिवसांत तीन गेले. दोष विकणाऱ्याचा नव्हता, माझा होता. रिओ नेग्रोचे पाणी पावसाच्या पाण्याइतके मृदू आणि चांगलेच आम्लधर्मी असते. आम्लता मोजायच्या पट्टीवर 7 हा मध्य धरला, तर ते 4 ते 5 च्या आसपास. माझ्या बोअरचे पाणी 8 च्या वर. पट्टीवरचा एकेक आकडा म्हणजे दहापट फरक, हे हिशेबात आयुष्य घालवलेल्या माणसाला वेळेवर सुचले नाही.

चौथा जगवायचा तर त्याची नदी समजून घ्यायला हवी होती. पुस्तके चाळताना आल्फ्रेड रसेल वॉलेस भेटला. डार्विनबरोबर नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारा तो हाच, एवढे शाळेत वाचले होते. पण 1858 सालच्या त्या कीर्तीआधीचा वॉलेस मला ठाऊक नव्हता.

1823 साली वेल्समध्ये जन्मलेला हा मुलगा घरच्या ओढगस्तीमुळे चौदाव्या वर्षाच्या आसपासच शाळेतून निघाला आणि भावाच्या हाताखाली जमिनीची मोजणी करू लागला. पुढे लेस्टरला शिकवत असताना त्याची हेन्री बेट्स या किडेवेड्या तरुणाशी गाठ पडली. दोघांच्याही खिशात पैसा नव्हता. प्राणी पकडायचे, त्यांचे नमुने लंडनला विकायचे आणि त्यावर पोट भरायचे असा बेत करून 1848 च्या मे महिन्यात ते ब्राझीलमध्ये पारा बंदरात उतरले. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि वॉलेस रिओ नेग्रोने वर निघाला.

नेग्रो म्हणजे काळी. कुजणाऱ्या पानापाचोळ्याचा अर्क उतरून ते पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. अ‍ॅमेझॉनच्या नद्यांची पांढऱ्या, निळ्या आणि काळ्या पाण्याच्या अशी विभागणी वॉलेसने केली, ती अजून उपयोगी पडते. याच नदीतल्या माशावरून व्हिएन्नाच्या हेकेलने 1840 साली डिस्कसचे वर्णन केले होते, पण हेकेल स्वतः तिथे गेला नव्हता. वॉलेस गेला, आणि हाती लागेल तो मासा पेन्सिलीने काढत सुटला. मेल्यावर माशाचा रंग तासाभरात उडतो, दारूत ठेवला तर आणखीच. म्हणून ताजा असतानाच त्याला कागदावर उतरवायचा. अशी 212 चित्रे झाली. त्यात सिक्लिडही कितीतरी. खवल्यांच्या रांगा नि पंखांचे काटे मोजूनमापून काढलेले. मोजणीदाराचा हात तो!

या चित्रांची किंमत जबर पडली. मदतीला आलेला धाकटा भाऊ हर्बर्ट 1851 च्या जूनमध्ये पारा येथे पीतज्वराने गेला. वॉलेस तेव्हा शेकडो मैल दूर होता. त्याच वर्षाअखेर तो स्वतः तापाने मरता मरता वाचला. 1852 च्या जुलैत, उरलेला संग्रह आणि पाळलेली माकडे, पोपट घेऊन तो हेलन नावाच्या जहाजाने परत निघाला.

6 ऑगस्टला सकाळी जहाजाने पेट घेतला. तळाशी राळेसारखे तेलकट द्रव्य होते, ते भडकले. धुराने भरलेल्या खोलीतून वॉलेसने एक लहान पत्र्याची पेटी उचलली. तिच्यात होते काही कपडे, आणि त्यावर त्याने माशांची व ताडमाडांची चित्रे कोंबली. दोराने खाली होडीत उतरताना तळहाताची सालटी निघाली. होड्या गळक्या होत्या. पाणी उपसत त्याने जहाज जळताना पाहिले. जनावरे आगीत गेली, समुद्रात पडलेला एक पोपट तेवढा हाती लागला. दहा दिवस असे काढल्यावर दुसऱ्या एका जहाजाने त्यांना उचलले. 1 ऑक्टोबरला तो इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला. लंडनच्या दलालाने मालाचा विमा उतरवून ठेवला होता. रक्कम नुकसानीच्या मानाने थोडी, पण उपासमार टळली. (कर्ज देताना विम्याची पावती मागणाऱ्या माझ्यासारख्यांना लोक चिकट म्हणत, त्यांनी हे वाचावे.)

त्याने चित्रेच का उचलली? मला वाटते, विचार करायला वेळच नव्हता. जे हाताशी होते ते घेतले. पण हाताशी तीच होती, यातही काही आहेच.

समुद्रावर पुन्हा पाय ठेवणार नाही असे त्याने होडीत ठरवले होते. 1854 च्या मार्चमध्ये तो मलाया बेटांकडे निघाला. आठ वर्षे तिकडे राहिला. 1913 साली नव्वदाव्या वर्षी गेला. माशांची चित्रे त्याने 1904 साली लंडनच्या संग्रहालयाला दिली होती, ती संपूर्ण छापून आली 2002 साली, साओ पाउलोमध्ये. काढली गेल्यावर दीडशे वर्षांनी.

इकडे मी गाळलेल्या मृदू पाण्यात थोडेसेच बोअरचे मिसळू लागलो. कॉलनीतल्या देशी बदामाची वाळलेली पाने धुऊन टाकीत सोडली, पाण्याला चहाचा रंग आला. उन्हाळ्यात पारा 42 च्या वर गेला की टाकीवर पंखा. हिला मात्र हे पटलेले नाही. नदीतला मासा नदीत राहू द्यायचा, एवढेच तिचे म्हणणे. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही, आणि दुसरा नदीतला मासा मी आणलेला नाही. चौथा डिस्कस तिसऱ्या आठवड्यात खाऊ लागला. सकाळी मी वर्तमानपत्र उघडले की तो पानांच्या आडून काचेशी येऊन थांबतो.