जॉन बोनिका

जॉन जोसेफ बोनिका (१६ फेब्रुवारी १९१७ – १५ ऑगस्ट १९९४) हे इटलीत जन्मलेले अमेरिकन भूलतज्ज्ञ होते. दीर्घकाळ टिकणारी वेदना हे केवळ दुसऱ्या रोगाचे लक्षण नसून तिच्यावर स्वतंत्र उपचार व्हायला हवेत, हा विचार वैद्यकविश्वात रुजवण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. शस्त्रक्रियेऐवजी सुईने औषध टोचून मज्जातंतू बधिर करण्याच्या, म्हणजेच नर्व्ह ब्लॉकच्या तंत्रात ते निष्णात होते.

पूर्वायुष्य

सिसिलीजवळच्या फिलिकुडी या लहानशा बेटावर बोनिका यांचा जन्म झाला. १९२७ साली हे कुटुंब न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे आले. वडिलांचे छत्र लवकर हरपल्याने जॉन यांनी बूट पॉलिश करणे, वर्तमानपत्रे विकणे अशी कामे केली. शाळेत जडलेला कुस्तीचा छंद पुढे उपजीविकेचे साधन ठरला. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च त्यांनी व्यावसायिक कुस्त्यांमधून भागवला. आखाड्यात ते टोपणनावाने, पुष्कळदा चेहऱ्यावर मुखवटा चढवून उतरत. मिलवॉकी येथील मार्क्वेट विद्यापीठातून १९४२ साली ते डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी एमा बाल्डेटी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पहिल्या बाळंतपणात एमा यांना ईथरची भूल देण्यात आली. त्यात उलटी होऊन त्यांचा श्वास कोंडला. बोनिका यांनी धावत जाऊन श्वासमार्ग मोकळा केला, म्हणून त्या वाचल्या. या प्रसंगानंतर त्यांनी भूलशास्त्राला वाहून घेतले. प्रसूतिवेदनांसाठी एपिड्युरल पद्धतीचा त्यांनी पुढे केलेला प्रसार याच अनुभवातून झाला.

वेदनेचा अभ्यास

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, वॉशिंग्टन राज्यातील मॅडिगन लष्करी रुग्णालयाच्या भूल विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. जखमा भरून आल्या तरी सैनिकांच्या वेदना थांबत नसत. कुणाची मज्जातंतूची दुखापत सतत आगीसारखी जळे, तर कुणाला कापून टाकलेला पायच दुखत असल्याचे जाणवे. तत्कालीन पाठ्यपुस्तकांत अशा वेदनेविषयी जेमतेम काही पाने होती.

बोनिका यांनी नर्व्ह ब्लॉकचा आधार घेतला. कंबरेपासून पायात उतरणारी कळ नेमक्या कोणत्या मज्जातंतूतून येते, हे कळण्यासाठी संशयित मज्जातंतूजवळ प्रोकेनसारखे औषध टोचले जाई. कळ थांबली, तर ठिकाण सापडण्याची शक्यता बळावे. तो मज्जातंतू कायमचा छेदल्यास काय लाभ होईल, याचाही अंदाज येई आणि येणारा बधिरपणा सोसेल की नाही, हे रुग्णाला आधीच अनुभवता येई. काही रुग्णांना औषधाचा अंमल ओसरल्यावरही आराम टिके.

तथापि, पुष्कळांची वेदना सुईला दाद देत नव्हती. स्वतःच्या कौशल्याची ही मर्यादा त्यांनी मान्य केली, हेच त्यांच्या कार्याचे मोठेपण म्हणावे लागेल. गुंतागुंतीच्या रुग्णांविषयी ते शल्यविशारद, मेंदूविकारतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्याशी एकत्र चर्चा करू लागले. १९४७ पासून टॅकोमा येथील रुग्णालयात हाच प्रयोग त्यांनी पुढे चालवला. १९५३ साली प्रसिद्ध झालेला ‘द मॅनेजमेंट ऑफ पेन’ हा त्यांचा दीड हजारांहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ वेदनाशास्त्राचा पाया मानला जातो.

१९६० साली सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात ते भूलशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. तेथे अनेक शाखांचे तज्ज्ञ एकत्रितपणे रुग्ण तपासतील असे वेदना चिकित्सालय त्यांनी उभारले. १९७३ साली सिएटलजवळच्या इसाक्वा येथे त्यांनी भरवलेल्या परिषदेतून आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटना जन्माला आली.

अखेरची वर्षे

कुस्तीने शिक्षण दिले, पण त्याची किंमतही वसूल केली. खांदे आणि कंबरेचे सांधे निकामी होत गेले. अनेक शस्त्रक्रिया होऊनही वेदनेने बोनिका यांचा पाठलाग सोडला नाही. ज्यांना त्यांनी नर्व्ह ब्लॉक शिकवला, त्यांच्याकडूनच तो टोचून घेण्याची वेळ त्यांच्यावर आली. तशाही स्थितीत त्यांनी ग्रंथाची सुधारित आवृत्ती पूर्ण केली. ती १९९० साली दोन खंडांत निघाली. १९९४च्या उन्हाळ्यात एमा यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच बोनिकाही गेले. इतर तज्ज्ञांनी संपादित केलेल्या २००१च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ग्रंथाच्या शीर्षकातच त्यांचे नाव जोडले गेले आहे.