पंढरीच्या दारात बसलेले गुरुजी

दिंडीच्या शंभर वर्षांच्या या पुस्तकात संतांची चरित्रं पुष्कळ येतील, म्हणून मी एका शाळामास्तराचं लिहितो. नाव पांडुरंग सदाशिव साने. आपण सगळे साने गुरुजी म्हणतो.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा. गाव पालगड, तालुका दापोली. आपल्या बाणकोटच्या खाडीपलीकडचंच की. घराणं खोताचं, पण वडिलांच्या वेळेपर्यंत नुसतं नाव उरलेलं. कोर्टकचेऱ्या आणि कर्ज यांत सगळं गेलं. खोत म्हटलं की आपल्या कुळांच्या कपाळाला आठी पडते, ती काही उगाच नाही. पण या खोताच्या पोरानं गरिबी पुरती भोगली. दापोली, औंध, पुणे असं कुठं कुठं राहून, कधी उपाशी राहून शिक्षण केलं. १९१७ साली आई गेली तेव्हा पोरगा जवळ नव्हता. ते दुःख त्यांना जन्मभर पुरलं.

एम.ए. होऊन १९२४ ला ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात मास्तर झाले. अमळनेर म्हणजे सखाराम महाराजांचं गाव, तिथूनही पंढरीला पालखी जाते. गुरुजींकडं शाळेचं वसतिगृह आलं. खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची पोरं तिथं राहायची. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं घड्या करून ठेवायचे, मळलेले कपडे धुऊन वाळत घालायचे. पोरांना ओरडायचे नाहीत. आपले कपडे मास्तर धुतो ही लाजच पोरांना शहाणं करायची. पोरांसाठी रोज हातानं लिहून एक वर्तमानपत्र काढायचे. एम.ए. झालेला माणूस पोरांची धोतरं धुतो, हे मी कीर्तनात सांगतो तेव्हा बाया डोळे पुसतात.

अशी सहा वर्षं झाली. १९३० ला मिठाचा सत्याग्रह आला, गुरुजींनी नोकरी सोडली आणि तुरुंगात गेले. १९३२ ला धुळ्याच्या तुरुंगात विनोबा होते, ते तर आपल्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी भराभर लिहून घ्यायचे. ती गीता प्रवचनं आज घरोघर आहेत ती त्या लिहिण्यामुळं. पुढच्या साली नाशिकच्या तुरुंगात श्यामची आई लिहिली. तिच्यात एक गोष्ट आहे. एका म्हाताऱ्या महारणीच्या डोक्यावरची मोळी खाली पडते, ती उचलून द्यायला कोणी येत नाही. आई श्यामला पाठवते. पण घरी आल्यावर अंघोळ कर असंही सांगते. एवढी माया होती, तरी अंघोळ सुटली नव्हती.

ती अंघोळ गुरुजींच्या मनात राहिली असणार, असं मला वाटतं. कारण पुढं ते पंढरीलाच जाऊन बसले. पांडुरंगाचं देऊळ तेव्हा हरिजनांना बंद होतं. आपला चोखोबा नामदेव पायरीसमोर बाहेर समाधीत आणि त्याची लेकरंही बाहेरच. आपण टाळ कुटून समतेचं गायचो आणि आपल्याच वारीत पंगती वेगळ्या बसायच्या, हे म्हाताऱ्या माणसांना माहीत आहे. गुरुजी आधी महाराष्ट्रभर हिंडले, गावोगाव सभा घेतल्या, सेवादलाची मुलं गाणी म्हणत बरोबर. मग १ मे १९४७ ला पंढरपुरात उपास सुरू केला. विरोध मोठा होता, आपल्या संप्रदायातलेही काही विरोधात होते. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बसायला जागा दिली ती तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. माळकऱ्याचा मठ तो, आपली अब्रू तिथं राहिली. गांधीजींनीसुद्धा कोणाच्या सांगण्यावरून उपास सोडा अशी तार केली होती. गुरुजी त्यांना देवासारखं मानायचे, तरी उठले नाहीत. दहाव्या दिवशी, १० मेला, दादासाहेब मावळंकरांनी मध्ये पडून बडव्यांशी बोलणं जमवलं, देऊळ सगळ्यांना खुलं करायचं ठरलं आणि उपास सुटला. मंदिरप्रवेशाचा कायदाही त्याच वर्षी झाला.

आज दर्शनबारीत माझ्या मागं कोण, पुढं कोण, हे कोणी विचारत नाही. पायावर डोकं ठेवायला मिळतं तेवढ्यानंच डोळे भरतात. नावानं पांडुरंग असलेला मास्तर दहा दिवस उपाशी बसला होता, हे आपल्या पोरांना सांगावं.

पुढच्या वर्षी गांधीजींची हत्या झाली, तेव्हा गुरुजींनी एकवीस दिवस उपास केला. १५ ऑगस्ट १९४८ ला साधना साप्ताहिक काढलं. प्रांताप्रांतांची माणसं एकमेकांची भाषा शिकोत म्हणून आंतरभारतीचं काम मनात घेतलं होतं. पण मन फार हळवं, आणि बाहेर जे चाललं होतं ते सोसवेना. ११ जून १९५० ला त्यांनी आपला देह आपणच संपवला. वय अवघं पन्नास. याच्यावर कीर्तनात बोलायचं मी टाळतो, तिथं माझा आवाज लागत नाही.

माणगाव तालुक्यात वडघरला त्यांचं राष्ट्रीय स्मारक आहे. तिथं पोरांची शिबिरं भरतात.