शंकरराव पांडुरंग पाटील थोरात

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात (१२ ऑगस्ट १९०६ – १० ऑगस्ट १९९२) हे भारतीय लष्करातील वरिष्ठ सेनाधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धातील कंगॉची लढाई आणि कोरियातील भारतीय कस्टोडियन फोर्सचे नेतृत्व यांसाठी ते ओळखले जातात. पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी १९६० मध्ये लखनौ येथे ‘लाल किला’ हा युद्धखेळ घेतला. ईशान्य सीमेवर चीनचे आक्रमण झाल्यास काय घडेल, याचा अंदाज त्यातून मांडला गेला. हा अंदाज १९६२ मध्ये बऱ्याच अंशी खरा ठरला.

सुरुवातीचे जीवन

थोरात यांचे घराणे कोल्हापूर परिसरातील वडगावचे. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथील सैनिकी महाविद्यालयात प्रशिक्षण घेऊन ते १९२६ मध्ये सैन्यात अधिकारी झाले. त्या काळात तेथे प्रवेश मिळणाऱ्या भारतीयांची संख्या अगदी थोडी होती. पुढे त्यांची सेवा पंजाब रेजिमेंटमध्ये झाली.

कंगॉची लढाई

जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्यावर कंगॉ येथे जपानी सैन्याची माघारीची वाट अडवण्यासाठी लढाई झाली. ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व या लढाईत भारतीय अधिकाऱ्यांकडे होते: थोरात, के. एस. थिमय्या आणि एल. पी. सेन. आधीचे हल्ले अपयशी ठरल्यानंतर ‘मेलरोज’ असे सांकेतिक नाव दिलेली टेकडी थोरात यांच्या पलटणीने जिंकली. तिघांनाही ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला. थिमय्यांची पलटण हैदराबाद रेजिमेंटची होती. या रेजिमेंटचे मूळ निजामाच्या हैदराबाद कंटिंजंटमध्ये असून मराठवाड्यातील हिंगोली ही त्या फौजेची एक जुनी छावणी होय. थोरात व थिमय्या यांचा या लढाईतील परिचय पुढे दोघांच्याही कारकिर्दीत महत्त्वाचा ठरला.

कोरिया

१९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताने कस्टोडियन फोर्स पाठवली. तिचे प्रमुख थोरात होते, तर तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या होते. कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले, तेव्हा थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह कैद्यांच्या आवारात गेले आणि गोळीबार न करता त्यांनी त्या अधिकाऱ्याची सुटका केली. या कामगिरीबद्दल त्यांना अशोक चक्र (वर्ग २) देण्यात आले. हाच सन्मान आता कीर्ती चक्र म्हणून ओळखला जातो.

‘लाल किला’

१९५७ मध्ये थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. या विभागाचे मुख्यालय तेव्हा लखनौला होते आणि त्याच्या कक्षेत नेफा, म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश, येत होता. १९५९ मध्ये तिबेटमधील उठाव चीनने चिरडला व सीमेवर चकमकी झाल्या. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये थोरात यांनी नेफाच्या संरक्षणाविषयी एक टिपण लष्करी मुख्यालयाला पाठवले. सरसेनापती झालेल्या थिमय्यांना ते पटले. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांनी मात्र चीनकडून असा धोका संभवत नाही, अशी भूमिका घेतल्याचे थोरात यांनी नोंदवले आहे.

टिपणातील निष्कर्ष तपासण्यासाठी त्यांनी युद्धखेळाचा मार्ग निवडला. या पद्धतीला मोठा इतिहास आहे. प्रशियातील तोफखान्याचे अधिकारी राइस्वित्झ यांनी १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे, फासे आणि पंच यांच्या साहाय्याने खेळायचा युद्धखेळ तेथील सेनाधिकाऱ्यांपुढे मांडला व पुढे तो अनेक सैन्यांनी स्वीकारला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातल्या शिशाच्या सैनिकांसाठी नियम दिले. ऐतिहासिक लढाया छोट्या प्रतिकृतींनी पुन्हा लढण्याचा आजचा छंद बराचसा तेथून वाढला. महाराष्ट्रात दिवाळीच्या किल्ल्यावर मुले मातीचे मावळे मांडतात, पण त्यांच्या शिध्याचा व दारूगोळ्याचा हिशोब कोणी विचारत नाही. सैनिकी युद्धखेळात मुख्य प्रश्न तोच असतो. तुकडी नकाशावर कोठे आहे यापेक्षा ती तेथे किती दिवसांत पोहोचेल आणि पोहोचल्यावर खाईल काय, हे पाहिले जाते.

१७ मार्च १९६० रोजी लखनौमध्ये झालेल्या ‘लाल किला’ला थिमय्यांसह लष्करी मुख्यालयातील वरिष्ठ अधिकारी उपस्थित होते. उपलब्ध सैन्यबळावर नेफाचे रक्षण करता येणार नाही आणि सीमेलगतच्या चौक्या शत्रूच्या पहिल्या रेट्यातच पडतील, असे त्यातून दिसून आले. थोरात यांच्या मते या चौक्यांनी फक्त टेहळणी करावी व शत्रूला उशीर लावावा. निर्णायक लढाई मागे, बोमडिलासारख्या, रसद पोहोचू शकेल अशा ठिकाणी द्यावी, म्हणजे पुरवठ्याची लांब वाट शत्रूच्या वाट्याला येईल. राजकीयदृष्ट्या ही योजना गैरसोयीची होती, कारण तीत भूभाग तात्पुरता सोडणे गृहीत धरलेले होते. सरकारने १९६१ च्या अखेरीस नेमके उलट, चौक्या पुढे नेण्याचे धोरण स्वीकारले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चिनी सैन्याने नामका चू नदीकाठी हल्ला केला. तेथील भारतीय ब्रिगेड त्याच दिवशी मोडून पडली. काही दिवसांत तवांग आणि नोव्हेंबरमध्ये से ला व बोमडिला हातचे गेले. आक्रमणाचा क्रम ‘लाल किला’शी मिळताजुळता होता. अर्थात या प्रकरणाचा तपशील मुख्यतः थोरात यांच्याच लेखनातून येतो, हे वाचताना ध्यानात घ्यावे लागते. त्यांची योजना प्रत्यक्ष वापरली असती तर निकाल बदलला असता का, हे खेळातील एका डावावरून ठरवता येत नाही.

निवृत्ती व नंतरचा काळ

थिमय्यांनी आपला उत्तराधिकारी म्हणून थोरात यांची शिफारस केली होती. परंतु मे १९६१ मध्ये पी. एन. थापर सरसेनापती झाले आणि थोरात निवृत्त झाले. युद्ध सुरू असताना पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्यांना दिल्लीला बोलावून १९५९ च्या टिपणाबद्दल विचारले. ते टिपण आपल्यापर्यंत कधी पोहोचलेच नव्हते, असे नेहरूंच्या बोलण्यातून दिसल्याचे थोरात सांगतात. यानंतर राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर त्यांची नेमणूक झाली. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. वयाची ८६ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले असताना त्यांचे निधन झाले.