विश्लेषण : जुन्या कॉम्प्युटरमधल्या ‘बायोस’चे जनक गॅरी किल्डॉल कोण होते?

मंचर, घोडेगाव, ओतूर किंवा जुन्नरमधल्या एखाद्या दुकानात पंधरा-सतरा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप आजही बिले काढतो. एके दिवशी तो सुरू होताना भलतीच जुनी तारीख दाखवतो, हार्ड डिस्क सापडत नाही म्हणतो. डेटा गेला असे वाटून मालकाच्या पोटात गोळा येतो. बहुतेकदा संपलेला असतो तो मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल. त्याच्याबरोबर ‘बायोस’च्या सेटिंग्ज पुसल्या जातात. हा ‘बायोस’ शब्द रूढ करणारे गॅरी किल्डॉल आज फारसे कुणाला आठवत नाहीत.

खलाशांच्या शाळेतून

किल्डॉल यांचा जन्म 19 मे 1942 रोजी सिएटलचा. घराण्याची नौकानयन शिकवणारी शाळा होती आणि तरुणपणी गॅरीही तिथे शिकवत. पुढे वॉशिंग्टन विद्यापीठातून त्यांनी 1972 मध्ये संगणकशास्त्रात पीएचडी केली. मॉन्टरे इथल्या अमेरिकी नौदलाच्या शिक्षणसंस्थेत शिकवताना इंटेलच्या छोट्या चिपने त्यांना झपाटले. 1974 मध्ये त्यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम तयार केली आणि पत्नी डोरोथीसह डिजिटल रिसर्च ही कंपनी काढली.

‘बायोस’ची गरज का पडली?

त्या काळी प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा. कीबोर्ड, डिस्क जोडण्याची तऱ्हाही वेगळी. प्रत्येकासाठी सगळी सिस्टीम नव्याने जुळवत बसणे परवडणारे नव्हते. किल्डॉल यांनी यंत्रावर अवलंबून असलेला भाग बाजूला काढला आणि त्याला बायोस म्हटले. उत्पादकाने तेवढाच बदलायचा, बाकी सीपी/एम तसेच. घरगुती कॉम्प्युटरचा बाजार उभा राहिला त्यात या साध्या वाटणाऱ्या युक्तीचा वाटा मोठा आहे.

आयबीएमची संधी हुकली?

1980 मध्ये आयबीएमचे लोक आले तेव्हा किल्डॉल विमान उडवत फिरत होते, म्हणून नशीब गेले, असा किस्सा अजून चघळला जातो. तो अर्धवट आहे. ते कामासाठीच गेले होते. गोपनीयतेच्या करारावरून बोलणी अडली. आयबीएमने मायक्रोसॉफ्टकडून सिस्टीम घेतली. नंतर सीपी/एमचा पर्यायही ठेवला, पण किंमत 240 डॉलर. मायक्रोसॉफ्टची सिस्टीम मिळे 40 डॉलरना. ग्राहकाने काय निवडले असेल, हे सांगायला नको. 1991 मध्ये नॉव्हेलने डिजिटल रिसर्च विकत घेतली. 11 जुलै 1994 रोजी, वयाच्या अवघ्या 52 व्या वर्षी किल्डॉल गेले.

मग सेटिंग्ज का पुसल्या जातात?

हा भाग किल्डॉल यांचा नव्हे. 1984 च्या आयबीएम पीसी एटीपासून तारीख आणि सेटिंग्ज सेलवर चालणाऱ्या छोट्या मेमरीत राहू लागल्या. मेन स्विच बंद असला की सगळा भार त्या सेलवर. सेल संपला की बायोस मूळ कंपनीच्या सेटिंग्जवर जातो. विंडोज ‘आयडीई’वर बसवलेली असेल आणि तिथे ‘एएचसीआय’ आले, तर डेटा शाबूत असूनही मशीन सुरू होत नाही.

म्हणून सगळे सुरळीत असतानाच, मशीन सुरू करताना डिलीट किंवा एफ-2 दाबून बायोसमध्ये जावे आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढावा. बूटचा क्रम आणि साटा मोड स्पष्ट दिसायला हवेत. काहीही न बदलता, सेव्ह न करता बाहेर पडावे. प्लग काढून त्याच क्रमांकाचा सेल, बहुधा सीआर 2032, बसवावा आणि फोटो पाहून सेटिंग्ज परत भराव्यात. फोटोची एक छापील प्रत कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली तर मोबाइल बदलला तरी अडत नाही.