चिमूरच्या भगिनींचे कैवारी : प्रा. भन्साळी

सन १९४२ च्या लढ्याची आठवण आपण दर वर्षी ऑगस्ट महिन्यात करतो. मिरवणुका निघाल्या, गोळीबार झाले, तरुण धारातीर्थी पडले, हे आपल्या मुलांनाही पाठ असते. परंतु गोळीबार थांबल्यावर, पुरुष तुरुंगात गेल्यावर, घरात मागे राहिलेल्या बायकांवर काय प्रसंग गुदरला, हे सहसा कोणी सांगत नाही. ज्या एका माणसाने ते साऱ्या देशाला ऐकावयास लावले, त्या प्रा. जयकृष्ण प्रभुदास भन्साळी यांची ओळख मंडळाच्या भगिनींना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भन्साळी मूळचे गुजराती. प्राध्यापकाचा पेशा सोडून ते महात्माजींच्या साबरमती आश्रमात आले. वृत्तीने ते विलक्षण तपस्वी. दीर्घ उपोषणे, अनवाणी भ्रमंती, कच्चे पीठ आणि कडुनिंबाचा पाला एवढ्यावर निर्वाह, असे त्यांचे जीवन होते. मौनव्रत मोडू नये म्हणून त्यांनी तारेने ओठ शिवून घेतले होते. पुढे गांधीजींच्या सांगण्याने ते मौन सुटले व ते सेवाग्रामला राहून सूत कातू लागले, मुलांना शिकवू लागले. अशा विरक्त माणसाचा संसाराशी काय संबंध, असे कोणालाही वाटले असते. पण चिमूरची हकीकत कानी आली आणि ते स्वस्थ बसू शकले नाहीत.

चिमूर हे त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील गाव. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेथे मिरवणूक निघाली. पोलिसांनी ती अडवली, गोळीबार झाला, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा ठार झाला. जमाव खवळला आणि त्याच्या हातून सरकारी अधिकारी व पोलीस मारले गेले. ही गोष्टही लपवण्याचे कारण नाही. मारले गेलेले तेही कोणाचे तरी मुलगे होते. परंतु गुन्हा ज्याने केला त्याला न्यायासनापुढे उभे करावे, हा कायद्याचा मार्ग. चिमूरला झाले ते निराळेच. दोन-तीन दिवसांत गोरे सैनिक व पोलीस गावात शिरले. पुरुषांची सरसहा धरपकड झाली. घरे लुटली गेली आणि एकट्या राहिलेल्या स्त्रियांच्या अब्रूवर हात टाकण्यात आला, अशा तक्रारी बाहेर येऊ लागल्या. नागपूरहून डॉ. मुंजे व काही स्त्री-कार्यकर्त्या तेथे गेल्या, त्यांच्यापुढे तेथील बायकांनी आपली कहाणी सांगितली. त्या काळी अशी गोष्ट तोंडावाटे काढणे म्हणजे जिवंतपणी मरण. तरी त्या बोलल्या. सरकारने मात्र कानावर हात ठेवले.

भन्साळींनी एकच मागणी केली : निःपक्ष चौकशी व्हावी. नोव्हेंबरच्या आरंभी ते दिल्लीस लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे गेले. बापूजी आपल्या वणीचे. पुसदच्या जंगल सत्याग्रहात १९३० साली कायदा मोडून तुरुंगात गेलेले. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्यांनी स्वतः चिमूरला यावे, अशी भन्साळींची विनंती होती. ती मान्य झाली नाही. भन्साळी त्यांच्याच दारी उपोषणास बसले. पोलिसांनी त्यांना सेवाग्रामला परत पाठवले. तेथून ते पायीच चिमूरच्या वाटेला लागले. पुन्हा धरले, पुन्हा परत आणले. तरी निश्चय ढळला नाही.

११ नोव्हेंबर १९४२ ला सुरू झालेले हे उपोषण ६३ दिवस चालले. सरकारने त्याच्या बातम्या छापण्यास बंदी घातली. तिच्या निषेधार्थ ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरच्या अनेक वृत्तपत्रांनी एक दिवस अंक काढला नाही. अखेर डॉ. ना. भा. खरे यांच्या मध्यस्थीने तोडगा निघाला, बातम्यांवरील बंदी उठली आणि १२ जानेवारीला भन्साळींनी उपोषण सोडले. चौकशी मात्र सरकारने नेमली नाही. पुढच्याच महिन्यात गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी बापूजी अण्यांनीही आपल्या पदाचा राजीनामा दिला. आष्टी-चिमूरच्या कैद्यांची फाशी टळावी म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी अपार खटपट केली, हेही भगिनींनी ध्यानी ठेवावे.

भन्साळींनी पुढे नागपूरजवळ टाकळी येथे राहून लोकसेवेत उत्तरायुष्य घालवले. सत्ता त्यांनी मागितली नाही, मान मागितला नाही.

मग त्यांनी मिळवले काय, असे कोणी विचारील. न्याय पुरता मिळाला नाही, हे खरे. पण चिमूरच्या बायका खोटे बोलतात, असे म्हणून प्रकरण मिटवणे सरकारला जमले नाही. ज्या बायकांशी त्यांचे नाते नव्हते, गोत नव्हते, त्यांच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला आणि त्यासाठी प्राण पणाला लावले. जखमी झालेल्याची जखम कोणी मान्यच केली नाही, तर ती दुप्पट दुखते. आपल्या नेरमध्ये, आपल्या आळीत, एखादी बहीण आपले दुःख सांगण्यास मंडळाच्या दाराशी आली, तर लोक काय म्हणतील हा विचार मागे ठेवून आधी तिचे पुरते ऐकून घ्यावे. भन्साळींचे स्मरण याहून अधिक चांगल्या रीतीने करता येणार नाही.