खलनायकाचा माणूस

होस्टेलवर फासे टाकून साहसकथा खेळताना खलनायकाचे साथीदार आपण नुसते मार खायला ठेवतो. मी हिरकणीवाडीचा. मला आठवतात मुरारबाजी देशपांडे! महाडजवळच्या किंजळोलीचे, जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांच्या पदरी. १६५६ मध्ये ते शिवाजी महाराजांविरुद्ध असे लढले, की महाराजांनी त्यांना आपलंसं केलं. मोरे पळाले आमच्या डोक्यावरच्या रायरीवर, म्हणजे आजच्या रायगडावर. पुढे तीही पडली.

१६६५ मध्ये पुरंदरावर दिलेरखानाने मुरारबाजींना कौल देऊ केला. तो झिडकारून ते धारातीर्थी पडले. एकदा धनी बदलला, दुसऱ्यांदा नाही. का? मला वाटतं, चाकरीपेक्षा मोठं काहीतरी तोवर गवसलं होतं. तेव्हा साथीदार रचताना आधी ठरवा, हा काय विकणार नाही. मग बघा, तो लक्षात राहतो की नाही!