ऑपरेशनच्या आदल्या दिवशी साबण लावून आंघोळ करायला का सांगतात? उत्तर जोसेफ लिस्टर यांच्या आयुष्यात सापडतं

घरात कुणाचं तरी ऑपरेशन ठरतं. हर्निया, गुडघा, गर्भाशय, पित्ताशयातले खडे, काहीही असेल. तारीख मिळते आणि हॉस्पिटलमधून सूचनांचा एक कागद हातात पडतो.

आदल्या रात्री आणि सकाळी साबण लावून आंघोळ करा. नखं कापा, नेलपॉलिश काढा. मंगळसूत्र, अंगठ्या, जोडवी घरीच ठेवा. ऑपरेशनच्या जागेचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका.

आपलं डोकं मात्र वेगळ्याच गोष्टींत असतं. विम्याची कागदपत्रं झाली का, रात्री पेशंटजवळ कोण थांबणार, डबा कोण आणणार. त्या गडबडीत हा कागद फाईलमध्ये जातो आणि आंघोळ वगैरे किरकोळ गोष्ट वाटते.

पण ही किरकोळ गोष्ट डॉक्टरांना कळायला १९ वं शतक अर्धं सरावं लागलं होतं. आणि ती पटवून देणाऱ्या माणसाने तिच्या भरवशावर स्वतःच्या बहिणीचं ऑपरेशन केलं होतं.

त्यांचं नाव जोसेफ लिस्टर.

सूक्ष्मदर्शकाच्या घरात वाढलेला मुलगा

५ एप्रिल १८२७ ला इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या अप्टन गावात जोसेफ यांचा जन्म झाला. घर क्वेकर पंथाचं, म्हणजे साधी राहणी आणि कडक शिस्त. वडील वाईनचे व्यापारी, पण त्यांना भिंगांचा भारी नाद. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांमध्ये त्यांनी मोठी सुधारणा केली होती. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारं जग असतं, हे जोसेफ यांना लहानपणापासून ठाऊक होतं. हीच गोष्ट पुढे कामाला आली.

लंडनमध्ये डॉक्टरकी शिकून ते १८५३ मध्ये एडिंबरोला गेले. तिथे जेम्स साईम हे त्या काळातले नामांकित सर्जन होते. लिस्टर त्यांच्या हाताखाली शिकले आणि १८५६ मध्ये त्यांचे जावई झाले. साईम यांची मुलगी ॲग्नेस लग्नानंतर लिस्टर यांची प्रयोगशाळेतली साथीदारच झाली. प्रयोगांच्या वह्यांची पानंच्या पानं तिच्या अक्षरात आहेत.

१८६० मध्ये लिस्टर ग्लासगोला प्राध्यापक झाले आणि पुढच्या वर्षी तिथल्या रॉयल इन्फर्मरीत सर्जन.

भूल आली, तरी माणसं मरत होती

त्या काळचं हॉस्पिटल कसं होतं ते आधी समजून घ्यायला हवं.

१८४६ मध्ये ईथरची भूल आली आणि पेशंटच्या किंकाळ्या थांबल्या. सर्जनना आता घाई करायची गरज उरली नाही. पूर्वी जी ऑपरेशन्स करायची हिंमत होत नव्हती, ती होऊ लागली.

पण ऑपरेशन नीट व्हायचं आणि चार दिवसांनी जखमेत पू व्हायचा. ताप चढायचा, जखम सडायची आणि पेशंट जायचा. सर्जन रक्ताने कडक झालेला जुना कोट घालून ऑपरेशन करायचे. हात धुवायचे ते ऑपरेशन संपल्यावर. एका पेशंटसाठी वापरलेलं हत्यार पुसून दुसऱ्यासाठी घ्यायचे. जखम चिघळते ती वॉर्डातल्या वाईट हवेमुळे, अशी बहुतेकांची समजूत होती.

लिस्टर यांच्या स्वतःच्या वॉर्डातला हिशोब असा होता. १८६४ आणि १८६६ या दोन वर्षांत हात किंवा पाय कापण्याची ३५ ऑपरेशन्स झाली. त्यातले १६ जण दगावले. म्हणजे जवळपास दोघांतला एक.

पाश्चर आणि गटाराचं पाणी

१८६५ मध्ये ग्लासगोचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी लिस्टर यांना लुई पाश्चर यांच्या कामाबद्दल सांगितलं. पदार्थ नासतात, आंबतात ते सूक्ष्मजीवांमुळे, असं पाश्चर यांनी दाखवलं होतं.

लिस्टर यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दूध नासतं तशीच जखमही नासत असेल तर? मग दोष हवेचा नाही, हवेतून, हातांवरून, हत्यारांवरून जखमेत शिरणाऱ्या जीवांचा आहे.

आता हे जीव मारायचे कसे? जखम उकळता तर येत नाही. तेव्हा लिस्टर यांना कार्लाईल शहराची बातमी आठवली. तिथे गटाराच्या पाण्यात कार्बोलिक ॲसिड टाकत होते. दुर्गंधी गेली होतीच, पण ते पाणी सोडलेल्या कुरणांत चरणाऱ्या गुरांचे आजारही कमी झाले होते. जुन्या लाल लाईफबॉयचा तो विशिष्ट वास आठवतोय का? तो वास कार्बोलिकचा.

१२ ऑगस्ट १८६५ ला जेम्स ग्रीनलीज नावाचा ११ वर्षांचा मुलगा हॉस्पिटलमध्ये आला. गाडीचं चाक पायावरून गेलं होतं. हाड मोडून त्वचा फाटली होती. अशा वेळी पाय कापणं हाच उपाय असायचा. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिकमध्ये भिजवलेली पट्टी बांधली आणि वाट बघितली. चार दिवसांनी पट्टी काढली तेव्हा पू नव्हता. सहा आठवड्यांत हाड जुळलं. मुलगा स्वतःच्या पायांवर घरी गेला.

ऑपरेशन थिएटर म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल

१८६७ मध्ये मात्र परीक्षा घरातच आली.

लिस्टर यांची बहीण इझाबेला हिच्या स्तनात गाठ झाली होती. कॅन्सर होता. इतर सर्जननी ऑपरेशन करू नये असाच सल्ला दिला होता. एवढी मोठी जखम चिघळणारच आणि बाई त्यानेच जाणार, हा तेव्हाचा अनुभव होता.

इझाबेला भावाकडे आली. लिस्टर यांनी लगेच सुरी हातात घेतली नाही. ते एडिंबरोला गेले आणि सासऱ्यांशी, म्हणजे साईम यांच्याशी, सगळी चर्चा केली. आज आपण ज्याला सेकंड ओपिनियन म्हणतो, ते सर्जननेच घेतलं.

जून १८६७ मध्ये हे ऑपरेशन झालं, पण हॉस्पिटलमध्ये नाही. ते झालं लिस्टर यांच्या घरी, जेवणाच्या टेबलावर. ज्या वॉर्डात रोज माणसं जखम सडून मरतात, तिथे बहिणीला न्यायचं नव्हतं. भूल दिली गेली. हत्यारं, हात आणि जखमेवरच्या पट्ट्या यांवर कार्बोलिकची प्रक्रिया झाली.

जखम चिघळली नाही. इझाबेला बरी झाली. पुढे कॅन्सर उलटला आणि सुमारे तीन वर्षांनी ती गेली. पण ती तीन वर्षं तिला मिळाली. आणि ती सुरीच्या जखमेने गेली नाही.

त्याच वर्षी लिस्टर यांनी आपली पद्धत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. १८६७ ते १८६९ या काळात त्यांनी हात-पाय कापण्याची ४० ऑपरेशन्स केली. दगावले ६ जण. आधीच्या ३५ मधले १६ आठवा, म्हणजे फरक कळेल.

ठरवून ऑपरेशन करता येऊ लागलं

तरीही अनेक डॉक्टरांनी त्यांची चेष्टा केली. न दिसणाऱ्या किड्यांवर विश्वास कोण ठेवणार?

१८७७ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजला आले. २६ ऑक्टोबरला त्यांनी एका माणसाचा गुडघा उघडला. वाटी मोडली होती, पण वरची त्वचा शाबूत होती. म्हणजे जीव धोक्यात नव्हता. चांगली त्वचा कापून सांधा उघडणं तेव्हा वेडेपणाच मानलं जायचं. लिस्टर यांनी चांदीच्या तारेने हाड जोडलं आणि पेशंट बरा झाला.

इथे एक मोठी गोष्ट झाली. तोवर ऑपरेशन म्हणजे दुसरा मार्ग नसताना घेतलेली शेवटची उडी. आता आयुष्य सुधारण्यासाठी, तारीख ठरवून, तयारीने ऑपरेशन करता येणार होतं. आज आपली आजी गुडघा बदलायला निवांत तारीख घेते, त्याची सुरुवात या काळात आहे.

लिस्टर यांचं सगळंच बरोबर नव्हतं. ऑपरेशनच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा मारायची त्यांची पद्धत फारशी उपयोगाची नव्हती. पुढे त्यांनी फवारा सोडून दिला आणि १८९० मध्ये जाहीरपणे ते मान्य केलं. पुढे जंतू मारण्यापेक्षा ते जखमेपर्यंत येऊच न देण्यावर भर आला. हत्यारं वाफेने निर्जंतुक होऊ लागली, नंतर हातमोजे आणि मास्क आले.

१८९३ मध्ये ॲग्नेस गेली. लिस्टर यांना मूलबाळ नव्हतं. त्यानंतर ते हळूहळू एकटे पडत गेले. १९०२ मध्ये राज्याभिषेक दोन दिवसांवर असताना राजे सातवे एडवर्ड यांच्या अपेंडिक्सच्या गळवाचं ऑपरेशन करावं लागलं, तेव्हा सल्ल्यासाठी म्हाताऱ्या लिस्टर यांनाही बोलावलं होतं. राजे वाचले. १० फेब्रुवारी १९१२ ला लिस्टर यांचं निधन झालं.

आता तो कागद पुन्हा वाचा

आंघोळ कशासाठी? त्वचेवर जंतू असतातच. त्वचा कापली की त्यांना आत जायला वाट मिळते. साबणाने त्यांची संख्या कमी होते. वस्तरा का नको? त्याने बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना तिथे जागा मिळते. केस काढायचेच असतील तर हॉस्पिटलमध्ये क्लिपरने काढतात. अंगठीखाली आणि नखांत मळ साठतो, म्हणून तेही साफ हवं.

काही सूचनांची कारणं वेगळी आहेत. उपाशी राहायला सांगतात ते भूल दिल्यावर पोटातलं अन्न उलटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून. नेलपॉलिश काढतात ते बोटाला लावलेल्या यंत्राला ऑक्सिजन नीट मोजता यावा म्हणून. शुगर वाढलेली असेल तर जखम चिघळायचा धोका वाढतो, म्हणून डायबेटिस लपवू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि ऑपरेशननंतर भेटायला येणाऱ्यांना आधी हात धुवायला सांगा. यात कुणाचा अपमान होत नाही.

सर्जन आपली तयारी करतातच. पण जी त्वचा कापली जाणार आहे ती आपली असते. तिची तयारी आदल्या रात्री आपल्या न्हाणीघरात सुरू होते.